श्रोडर: करार आधी, पगार नंतर. माजी नेत्याने नोकरी करूच नये का?

उंबरठा (धागाकर्ता)

काल जेवताना घरात वाद झाला. राजकारण सुटलेल्या माणसाने पोटापाण्याला करायचं काय? मी म्हटलं, काहीही करावं, फक्त गेरहार्ड श्रोडर यांनी केलं ते नको. ताटावरच्या कुणालाच श्रोडर आठवेनात, म्हणून हा धागा.

1998 ते 2005 जर्मनीचे चॅन्सेलर, म्हणजे तिथले सरकारप्रमुख. 8 सप्टेंबर 2005 ला बर्लिनमध्ये, श्रोडर आणि पुतिन यांच्या साक्षीने, रशियाच्या गॅझप्रॉम या सरकारी गॅस कंपनीने दोन जर्मन कंपन्यांशी करार केला. बाल्टिक समुद्राच्या तळातून रशियाचा गॅस थेट जर्मनीत आणायचा, मध्ये पोलंड नाही, युक्रेन नाही. हीच पुढची नॉर्ड स्ट्रीम, लांबी 1,224 किमी. दहा दिवसांनी निवडणूक झाली, श्रोडर थोडक्यात हरले. नोव्हेंबरात खुर्ची गेली आणि डिसेंबरात बातमी आली: त्याच पाइपलाइन कंपनीत, जिथे 51 टक्के वाटा गॅझप्रॉमचा, भागधारक समितीचे अध्यक्ष श्रोडर! मानधन वर्षाला 2,50,000 युरो. पुढे हेही कळलं की जाता जाता त्यांच्या सरकारने या प्रकल्पासाठीच्या कर्जाला 100 कोटी युरोंची हमी मंजूर केली होती. मला ठाऊक नव्हतं, असं ते म्हणाले. गॅझप्रॉमने ती हमी वापरली नाही, हेही सांगायला हवं.

माझा राग नोकरीवर नाही. पण ज्या लग्नात आपण पौरोहित्य केलं, तिथेच महिन्याभरात घरजावई व्हायचं?

वजाबाकी

असहमत. 61 वर्षांचा, मुळात वकील असलेला धडधाकट माणूस. त्याने काय तुळशीला पाणी घालत बसायचं?

आणि रशियाचा गॅस श्रोडरने शोधून काढलेला नाही. 1970 साली, ऐन शीतयुद्धात, पश्चिम जर्मनीने सोव्हिएत संघाशी सौदा केला: तुम्ही गॅस द्या, आम्ही मोठ्या व्यासाचे पोलादी पाइप देतो. सगळ्या पक्षांनी तीच वाट पुढे चालवली. जानेवारी 2009 मध्ये रशिया-युक्रेन भांडणात युक्रेनमार्गे येणारा गॅस जवळपास दोन आठवडे बंद होता. मग समुद्रातून वेगळी लाइन टाकणं मूर्खपणा कसा? 2011 ला लाइन सुरू झाली तेव्हा व्हॉल्व्ह फिरवायला श्रोडरनंतरच्या चॅन्सेलर मर्केलबाई स्वतः उभ्या होत्या. 2014 ला रशियाने क्रिमिया घेतल्यावरही दुसऱ्या लाइनचं काम त्यांच्याच काळात पुढे सरकलं. खापर मात्र एकट्या श्रोडरवर.

उंबरठा

मर्केलबाई चुकल्या असतील, पण त्या लाइनचा पगार त्यांच्या खात्यात जात नव्हता. मुद्दा एवढाच आहे.

तिखटमीठ

जर्मन लोक फारच सोवळे बुवा. आपल्याकडे माजी व्हायची वाट बघतो कोण? साखर कारखाना, सूतगिरणी, बँक, कॉलेज, सगळं आजी असतानाच.

नेकारकाठ

मी बरीच वर्षं श्टुटगार्टला आहे, सरकारी युनिव्हर्सिटीत. 2021 मध्ये जर्मनीच्या आयात गॅसपैकी निम्म्याहून जास्त रशियाचा होता. 2022 ला युक्रेनचं युद्ध पेटलं, उन्हाळ्यात रशियाने पुरवठा आवळला आणि सप्टेंबरपासून सरकारी इमारतींना नियम लागला: काम करायच्या खोलीत 19 अंशांच्या वर हीटर नाही, कॉरिडॉरमध्ये हीटरच नाही, हात धुवायच्या बेसिनला गरम पाणी बंद. मी आईने दिलेली सोलापुरी चादर गुडघ्यांवर घेऊन टायपिंग करत होतो. शेजारच्या टेबलावरची जर्मन बाई दोन दिवस नुसती बघत होती. तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, ही कुठे मिळते?

त्या काळात श्रोडरचं नाव काढलं की लोक भडकायचे. 2017 पासून तो रोझनेफ्ट या रशियन सरकारी तेल कंपनीचाही अध्यक्ष होता. युद्ध सुरू झाल्यावर त्याच्या ऑफिसातली माणसं सोडून गेली, तरी हा पठ्ठ्या मे 2022 पर्यंत खुर्चीला चिकटून. शेवटी संसदेनेच त्याला दिलेलं ऑफिस आणि कर्मचारी काढून घेतले. कोर्टात गेला, तिथेही हरला. पेन्शन आणि सुरक्षा अजून आहे.

वजाबाकी

चादर मान्य. पण एका हिवाळ्याची थंडी सांगता, आधीच्या दहा हिवाळ्यांची ऊब कुणाची होती? त्या गॅसवर अख्खा जर्मन केमिकल उद्योग चालला. आणि पद सोडल्यावर नोकरी धरण्याआधी चॅन्सेलरने थांबावं असा कायदाच 2005 ला नव्हता, तो आला 2015 मध्ये. नसलेला कायदा मोडला कसा म्हणता?

उंबरठा

कायदा मोडला असं मी म्हटलेलंच नाही, धागा पुन्हा वाचा. 2015 चा कायदा मंत्र्याला 12, फार तर 18 महिने थांबवतो. आपल्याकडे सनदी अधिकाऱ्याला खासगी नोकरी धरण्याआधी एक वर्षाची अट आहे, मंत्र्याला तेवढीही नाही.

तिखटमीठ

आता मस्करी बाजूला. रोझनेफ्टला तो खुर्ची गेल्यावर 12 वर्षांनी गेला. तिथे तुमचे 18 महिने काय कामाचे? फ्रान्सचे माजी पंतप्रधान फियों, फिनलंडचे लिप्पोनेन, दोघेही रशियन गॅस-तेलाच्या कामाला लागलेच होते. कंपनी विकत घेते ती फोनमधली नंबरांची यादी. ती 18 महिन्यांनी शिळी होत नाही.

उंबरठा

हे पटलं. माझ्या मुद्द्यात भोक आहे खरं. मग ऑफिसचं धरू. माजी चॅन्सेलरला सरकार ऑफिस आणि पगारी माणसं देतं, ती देशाचा माजी प्रमुख म्हणून. ते हवं तर परदेशी सरकारच्या कंपनीचा पगार नको. पगार हवा तर ऑफिसच्या किल्ल्या पहिल्याच दिवशी परत. 2022 पर्यंत थांबायचं कारण नव्हतं.

वजाबाकी

एवढंच म्हणणं असेल तर मी तुमच्या बाजूने. मग शीर्षकात "नोकरी करूच नये का" कशाला लिहिलंत, मालक?

नेकारकाठ

अवांतर: त्या बाईला पुढच्या खेपेला दोन चादरी आणून दिल्या. एक तिच्या कुत्र्याने घेतली.