दर 5 वर्षांनी पायाखालची वाळू सरकते, मग पुढची 20 वर्षं कशी ठरवायची?

तळ्याकाठचा (मये)

नमस्कार मंडळी, बरेच दिवस लिहू की नको करत होतो, आज झोपच येत नाहीये म्हणून लिहितोच. वय 31, डिचोली तालुका, पर्वरीला एका कंपनीत बुकिंग आणि बिलिंगचं काम करतो. पगार वेळेवर होतो, घरी आईबाबा आहेत, म्हणजे वरवर बघितलं तर तक्रार करावी असं काही नाही.

पण मागचं सांगतो. बाबांचे खाणीवर 2 टिपर होते, दोन्ही कर्जाचे. 2012 च्या सप्टेंबरात खाणी बंद झाल्या तेव्हा मी नुकताच कॉलेजात गेलो होतो. एक टिपर विकला, दुसरा अंगणात उभा राहिला आणि पावसाळ्यात त्याच्यावर वेल चढले ते अजून डोळ्यांसमोर आहे. मग खाणी परत सुरू झाल्या, बाबांनी तो टिपर हजारो रुपये घालून उभा केला, आणि 2018 च्या मार्चात सुप्रीम कोर्टाच्या निकालाने 88 लीज रद्द होऊन पुन्हा सगळं थांबलं. कोर्ट चूक होतं असं मी म्हणत नाही, आमच्या शेतात लाल पाणी यायचं ते मीच बघितलंय. पण बाबा तेव्हापासून बोलायचेच कमी झाले. मी तोपर्यंत हॉटेल मॅनेजमेंट करून क्रूझवर लागलो होतो, वाटलं माझं तरी सुटलं, तर 2020 च्या मार्चात जहाजंच थांबली आणि मी बॅग घेऊन घरी. आता या नोकरीत बसतोय न बसतोय तोवर ऑफिसात चर्चा, की कस्टमरच्या मेसेजांना उत्तर द्यायला एआय आणणार. माझं निम्मं काम तेच आहे.

चुलतभाऊ म्हणतो पोर्तुगीज पासपोर्टची कागदपत्रं काढ. आई म्हणते सरकारी भरतीचा फॉर्म भर. स्थळ बघायला गेलो की मुलीचे वडील विचारतात, पुढे काय करायचं ठरवलंय? आणि माझ्याकडे उत्तर नसतं. व्हिडिओंमध्ये सगळे सांगतात आधी आपला उद्देश शोधा मग 10 वर्षांचं चित्र काढा, मी खरंच वही घेऊन बसलो, 3 रविवार बसलो, पान कोरं. एकच गोष्ट लिहिली होती ती पण खोडली, काकांचं आणि आमचं मिळून छोटं कुळागर आहे, म्हणजे माडा-पोफळींची बाग, ती पडीक होत चाललीय त्याचं वाईट वाटतं, एवढंच. पण त्याला उद्देश म्हणतात का?

तुम्ही लोकांनी कसं ठरवलं? का कोणीच ठरवत नाही आणि मीच उगाच विचार करतोय?

तारवटी (वास्को)

भावा, 22 वर्षं बोटीवर काढली, आता 47 चा आहे. तू 2020 ला आलास तेव्हा मी पण आलो आणि 14 महिने घरी होतो, त्यामुळे तुझी ती बॅग मला माहिती आहे.

आधी रोकडा भाग सांगतो कारण रिकाम्या खिशाने उद्देश सुचत नाही. 6 महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेव, एफडीत ठेव, त्याला हात लावू नको. तो जमा होईपर्यंत नोकरी सोडू नको, एआय येवो नाहीतर आणखी काही येवो. पासपोर्टचं म्हणशील तर आजोबा 19 डिसेंबर 1961 च्या आधी गोव्यात जन्मलेले म्हणून हक्क पोचतो हे खरं, पण तो घेतला की भारतीय नागरिकत्व जातं, आणि 2021 पासून त्या पासपोर्टवर इंग्लंडात पूर्वीसारखं सरळ जाऊन राहता येत नाही, हे चुलतभावाला नीट विचारून घे. वाईट काही नाही, माझे 2 मित्र गेले आणि छान आहेत, पण जाऊन करायचं काय ते त्यांना माहीत होतं. कुठे जायचं हे पासपोर्टने ठरतं, कशासाठी जायचं ते नाही ठरत.

आता दुसरं. मी वास्कोचा, आमच्याकडे श्रावणात दामोदराचा सप्ताह असतो, तुला माहीतच असेल. सव्वाशे वर्षांपूर्वी गावात साथ आली, माणसं मरायला लागली तेव्हा लोक जांबावलीला दामोदराच्या देवळात गेले, तिथून देवाचा नारळ आणला आणि त्याच्यासमोर अखंड भजन धरलं, तेव्हापासून दरवर्षी 24 तास भजन चालतं, एका समाजाची पाळी संपली की दुसऱ्याची. 2020 ला घरी बसलो असताना मी याच्यावर खूप विचार केला. त्या लोकांना साथ कधी संपणार ते माहीत नव्हतं, औषध नव्हतं. त्यांच्या हातात फक्त आपली पाळी होती. पहाटे 3 वाजता आपली पाळी असेल तर उठून जायचं आणि पुढचे येईपर्यंत आवाज पडू द्यायचा नाही.

मला लहानपणी पखवाज येत होता, सुटला होता. त्या 14 महिन्यांत परत धरला, आणि शेजारची 4 पोरं शिकायला यायला लागली. आता कॉन्ट्रॅक्ट सही करताना मी आधी बघतो की श्रावणात घरी असेन का. त्यासाठी एकदा कमी पगाराची बोट घेतली. बायको रागावली होती थोडी, पण आता तीच पोरांना चहा करून देते. सांगायचं एवढंच की आधी मी नोकरीभोवती आयुष्य बसवायचो, आता उलटं करायला बघतो, दरवेळी जमतं असं नाही.

कुर्डीची नात

तळ्याकाठच्या दादा, तुमची ती खोडलेली ओळ वाचून राहवलं नाही.

माझी आजी कुर्डीची. साळावली धरण झालं तेव्हा 80 च्या दशकात गाव पाण्याखाली गेलं, घर, शेत, पोफळी, माड, सगळं. गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं कुर्डी ते हेच. आता दर मे महिन्यात पाणी उतरलं की गाव वर येतं, म्हणजे घरांची जोती, माडांची खोडं आणि सोमेश्वराचं देऊळ, आणि गावातली सगळी माणसं जिथे असतील तिथून त्या दिवशी येतात. गेल्या आठवड्यात मी जाऊन आले. आजी असताना ती आम्हाला हाताला धरून चिखलातून न्यायची आणि दाखवायची, ही आपली चूल, इथे तुझा बाप जन्मला. आम्हाला नुसते दगड दिसायचे.

आजीची एक गोष्ट मी कितीतरी जणांना सांगितलीय. नवीन जागेत गेले तेव्हा घर धड उभं नव्हतं, आजोबा खचले होते, आमचं काय होणार हेच सगळीकडे चाललेलं. आणि पहिल्याच पावसात आजीने मागच्या बाजूला 6 माड आणि थोड्या पोफळी लावल्या. आजोबा चिडले, म्हणाले इथे राहणार आहोत की नाही माहीत नाही आणि तू माड लावतेस, याला नारळ धरायला 6-7 वर्षं जातील. आजी म्हणाली 6-7 वर्षं तशीही जातीलच, देवाक काळजी. तिला विचारलं असतं की बाई तुझं व्हिजन काय तर ती हसली असती. पण 7 वर्षांनंतरची गोष्ट ती आज करत होती, आणि आज दुपारी पाणी घालायला उठायला लागायचं, त्यामुळे ती खचून बसली नाही. आजोबा पण मग हळूहळू आळी करायला लागले.

म्हणून मला वाटतं तुम्ही प्रश्न उलट्या टोकाने धरलाय. वहीत आधी उद्देश येणार नाही. ज्याचं आपल्याला वाईट वाटतं ते आधी हातात घ्यायचं. मी बँकेत आहे, बदल्या होतात, पण दर रविवारी गावच्या वाचनालयात मुलांना मराठी गोष्टी वाचून दाखवते, 5 वर्षं झाली, एका रविवारी गेले नाही तर एक मुलगी मंगळवारी घरी विचारायला आली. मी नसले तर कोणाचं अडेल, हे ज्या दिवशी कळलं त्या दिवशी माझ्या डोक्यातली निम्मी धडधड कमी झाली.

निवृत्त मास्तर (फोंडा)

वरच्या दोघांनी मनापासून लिहिलंय. मी आपल्याच मातीतल्या एका माणसाची आठवण करून देतो, बौद्ध धर्माचे अभ्यासक धर्मानंद कोसंबी. 1876 चा जन्म, सांखवाळ. शाळा अर्धवट सुटलेली, घरच्या माडांची देखरेख करणारा हा मुलगा, तब्येत बरी नाही, मनात सतत अस्वस्थता. बालबोधमेवा नावाच्या मुलांच्या मराठी मासिकात बुद्धाचं चरित्र वाचलं आणि हे आपल्याला नीट समजून घ्यायचंय असं वाटलं. लगेच काही घडलं नाही हं, मधला काळ तसाच तगमगीत गेला. 1899 अखेर घर सोडलं ते संस्कृत शिकायला, आधी पुणं, मग काशी. तिथून बौद्ध धर्म शोधायला नेपाळला गेले तर हवं ते मिळालंच नाही, निराश होऊन परत. 1902 ला सिलोनला पोचले तेव्हा कुठे पाली शिकायला मिळाली. पुढे हार्वर्डपर्यंत गेले हे सगळ्यांना माहीत असतं, पण मी मुलांना नेहमी तो नेपाळचा चुकलेला फेरा सांगायचो. त्यांच्याकडे कुठल्याही टप्प्यावर 20 वर्षांचा नकाशा नव्हता. संस्कृतशिवाय पुढे जाता येत नाही म्हणून संस्कृत, पाली तिकडे आहे म्हणून तिकडे. दिशा पक्की होती आणि पाऊल फक्त पुढचं दिसत होतं.

तेव्हा बाळा, 20 वर्षं ठरवायला जाऊ नकोस. काय नीट समजून घ्यायचंय ते शोध.

सांज (पणजी)

मास्तर, आदर ठेवून बोलते, पण ही गोष्ट अर्धीच सांगितली जाते याचा मला राग येतो. कोसंबी निघाले तेव्हा घरी बायको होती, बाळाबाई, आणि त्याच वर्षी जन्मलेली मुलगी. त्या बाईने ती वर्षं कशी काढली असतील? आपल्याकडे माणूस उद्देशाच्या शोधात निघतो आणि चूल दुसऱ्या कोणाला तरी सांभाळावी लागते. माझा नवरा 2 वर्षांपूर्वी नोकरी सोडून स्वतःला शोधायला बसला, घराचा हप्ता मी भरला. आता तो बरा आहे, कामाला लागलाय, आमचं चांगलं चाललंय, पण त्या 2 वर्षांत मला माझा उद्देश काय हे कोणीच विचारलं नाही.

तळ्याकाठचे, स्थळ बघताय म्हणून सांगते, मुलीच्या वडिलांना काय उत्तर द्यायचं हा विचार सोडा, त्या मुलीलाच विचारा की तुला पुढची 10 वर्षं कशी हवीत. एकट्याने काढलेलं चित्र लग्नानंतर फाटतंच.

निवृत्त मास्तर (फोंडा)

सांजताई, तुमचं म्हणणं बरोबर आहे, मी ते लिहायला हवं होतं. पुढे ते परतले आणि कुटुंबाला सोबत नेलं, पण मधली वर्षं बाळाबाईंचीच. वर्गात मी 30 वर्षं ही गोष्ट सांगितली आणि त्यांचं नाव क्वचित घेतलं. हे मनाला लागलं.

तळ्याकाठचा (मये)

सगळ्यांचे आभार, इतके दिवस परत परत वाचतोय. सांजताई, तुमचं वाचून एका मुलीला खरंच फोन केला, घरच्यांना मध्ये न घेता, तासभर बोललो. तिने मलाच विचारलं की तुम्हाला दिवसातलं कुठलं काम करताना वेळ कळत नाही. मी कुळागर म्हणालो आणि मग लक्षात आलं की लहान असताना काकांबरोबर पाटाचं पाणी फिरवायचो तेव्हाचं बोलतोय.

रविवारी गेलो. काका म्हणाले पाडेली, म्हणजे नारळ पाडणारा, मिळत नाही, नारळ झाडावरच वाळतायत, वरची पोफळीची रांग अर्धी मेलेली. घरी येऊन बाबांना सांगितलं तर ते काही बोलले नाहीत, पण संध्याकाळी कोयता घेऊन आले आणि मला म्हणाले उद्या ऑफिसला जायच्या आधी तासभर येतोस का, पाट साफ करायचाय. 7 वर्षांत बाबांनी मला कशाला म्हणून बोलावलं नव्हतं. 4 दिवस झाले, सकाळी 6 ते 7 आम्ही दोघं तिथे असतो, जास्त बोलत नाही.

नोकरी सोडत नाहीये. तारवटीदादा, एफडी उघडली. सरकारी फॉर्म पण भरलाय, आईसाठी. एआयची भीती गेलेली नाही, ती आहेच, पण रात्री झोप लागते. काल बाबांनी विचारलं मिरगाला मिऱ्याच्या वेली लावायच्या तर रोपं किती सांगू, मी 40 म्हणालो. बरोबर आहे का?

कुर्डीची नात

दादा वाचून इतकं बरं वाटलं. 40 चालतील, पण आधी मोठ्या पोफळी किती उरल्यात ते मोजा, कोवळ्या झाडावर वेल चढवू नका, पोफळ वाकते. खड्डा झाडाच्या उत्तरेच्या अंगाला घ्या, ऊन कमी लागतं, आणि पाणी तुंबता कामा नये नाहीतर मुळं कुजतात. मेलेल्या रांगेत आत्ताच नवीन पोफळी पण लावून घ्या. आणि काकांना पण बोलवा, वाट्याची जमीन आहे, त्यांना विचारून केलेलं बरं.