बॅकग्राउंड इमेज आडवी सेंटरला येते पण उभी येत नाही, वरून कापली जातेय

प्रश्न (कोरी_पाटी):
मंडळी, सीएसएस (वेबपेज कसं दिसावं ते सांगणारी भाषा) नुकतंच शिकायला घेतलंय. एका साध्या पेजला बॅकग्राउंडला दीपस्तंभाचा फोटो लावायचाय, साइज ८०० बाय ६००. पेजवर फक्त एक हेडिंग आणि दोन ओळी मजकूर आहे. बॉडीला (पेजवरचा सगळा मजकूर ज्यात असतो तो भाग) बॅकग्राउंड-इमेज दिली, बॅकग्राउंड-रिपीट: नो-रिपीट दिलं, बॅकग्राउंड-पोझिशन: सेंटर सेंटर पण दिलं, तर आडवी बरोबर मध्ये येते पण उभी म्हणाल तर वर चिकटलीय आणि वरचा भाग चक्क गायबच आहे!! टेक्स्ट-अलाइन सेंटर, मार्जिन ऑटो, व्हर्टिकल-अलाइन मिडल सगळं टाकून झालं, ढिम्म हलत नाही. काय करू?

घाईत_आहे:
मार्जिन, टेक्स्ट-अलाइन वगैरे काढून टाका आधी. मार्जिन बॉक्सला लागतं, टेक्स्ट-अलाइन आतल्या मजकुराला, आणि बॅकग्राउंड हा बॉक्स पण नाही आणि मजकूर पण नाही, तो नुसता रंगासारखा मागे फासलेला असतो. त्याला हलवायचं तर बॅकग्राउंड-पोझिशनच. बॅकग्राउंड-साइज: कव्हर टाकून बघा, म्हणजे फोटो जागा पूर्ण भरेल इतका मोठा होतो.

कोरी_पाटी:
काढलं. कव्हर टाकलं तर फोटो भलताच झाला, खाली परत रिकामी जागा पण राहते. मूळ प्रश्न तसाच.

जुना_खोड:
कव्हरने कसं सुटेल, गडबड उंचीची आहे. बॉडीला बॅकग्राउंड दिलं आणि एचटीएमएल या एलिमेंटला (बॉडी ज्याच्या आत असते तो सगळ्यात बाहेरचा भाग) काहीच दिलं नाही की ब्राउझर ते बॅकग्राउंड उचलून अख्ख्या पेजच्या कॅनव्हासवर रंगवतो, म्हणून बघणाऱ्याला वाटतं की ते पूर्ण स्क्रीनचं आहे. पण मध्य कुठला धरायचा हे मात्र तो एचटीएमएल एलिमेंटच्या मापावरूनच ठरवतो आणि त्या एलिमेंटची उंची असते आतल्या मजकुराएवढी. तुमचं हेडिंग आणि दोन ओळी मिळून समजा १२० पिक्सेल झाले, तर त्याचा मध्य ६० वर. फोटो ६०० उंच, म्हणजे त्याचा मध्य ३०० वर. दोन्ही मध्य जुळवायचे तर फोटो २४० पिक्सेल वर सरकणार, आणि तेवढाच तुमचा गायब झालाय, मोजून बघा हवं तर. रुंदी आपोआप पूर्ण मिळते म्हणून आडवं बरोबर दिसतंय.

एचटीएमएलला मिन-हाइट: १००% द्या, बास. बॉडीला देऊन उपयोग नाही, बाहेरच्याला उंची नाही तर आतल्याला टक्के कशाचे मिळणार.

कोरी_पाटी:
आलं!! एका ओळीत झालं की हो. खूप आभार. पण उद्या मजकूर वाढला तर?

जुना_खोड:
तर एचटीएमएल उंच होत जाणार आणि फोटो अख्ख्या पेजच्या मध्यावर जाणार, म्हणजे स्क्रोल केल्याशिवाय दिसणारच नाही. फोटो कायम स्क्रीनच्याच मध्ये हवा असेल तर बॅकग्राउंड-अटॅचमेंट: फिक्स्ड, मग मोजमाप व्ह्यूपोर्टवरून, म्हणजे ब्राउझरच्या दिसणाऱ्या भागावरून होतं आणि उंचीची भानगडच मिटते.

रात्रपाळी:
फिक्स्ड देताना आयफोनवर तपासा बरं का, तिथल्या सफारीत ते कव्हरसोबत धड चालत नाही. मी सरळ बॉडीच्या बिफोर स्यूडो-एलिमेंटवर (सीएसएसनेच बनवलेला जादाचा भाग) फोटो टाकतो: कंटेंट रिकामा, पोझिशन: फिक्स्ड, इनसेट: ० (चारही कडांना टेकलेला), झेड-इंडेक्स: -१ (मजकुराच्या मागे), आणि मग बॅकग्राउंड सेंटर, कव्हर. फक्त एचटीएमएल आणि बॉडी दोघांनाही रंग देऊ नका, नाहीतर बॉडीचा रंग फोटोवर बसतो आणि माणूस तासभर फोटोचा पाथ तपासत बसतो.

कोरी_पाटी:
बिफोरवाला प्रकार लावला, लॅपटॉपवर एकदम झकास. आता फोनवर उभ्या स्क्रीनला दीपस्तंभ कापला जातोय, तो फोटोत उजवीकडे आहे. ५०% २०%, ५०% ८०% असे आकडे टाकून पाहिले, काही म्हणजे काही फरक नाही.

जुना_खोड:
दुसरा आकडा उभा असतो आणि तिथे सरकायला जागाच नाहीये. समजा फोनची स्क्रीन ४०० बाय ९००. कव्हरने तुमचा फोटो १२०० बाय ९०० होणार, उंची तंतोतंत बसली, आता शून्याचे २० टक्के घ्या की ८०, शून्यच. जास्तीचा भाग आडवा आहे, ८०० पिक्सेल, म्हणून पहिला आकडा बदला. ८०% दिलं की फोटोतला ८०% वरचा बिंदू स्क्रीनच्या ८०% वर येऊन बसतो. टक्के असेच चालतात, दोन्हीकडचा तोच बिंदू जुळवतात, पिक्सेल दिले तर मात्र डाव्या कडेपासून सरळ मोजणार. दीपस्तंभ साधारण कुठे आहे ते बघून आकडा टाका.

कोरी_पाटी:
८०% सेंटर केलं, दिसला. पण हे मीडिया क्वेरीत (ठराविक स्क्रीनपुरतेच लागणारे नियम) टाकलं तर नो-रिपीट आणि कव्हर दोन्ही उडाले??

रात्रपाळी:
क्वेरीत नुसतं "बॅकग्राउंड:" लिहिलंय ना? तो शॉर्टहँड आहे, जे लिहीत नाही ते सगळं मूळपदावर नेतो. तिथे फक्त बॅकग्राउंड-पोझिशन लिहा. आणि शॉर्टहँडच वापरायचा असेल तर पोझिशननंतर तिरकी रेघ देऊन मग साइज, "सेंटर / कव्हर" असं, रेघ विसरलात तर अख्खी ओळच रद्द होते आणि एरर पण दिसत नाही पेजवर.