नेपथ्य : पडद्यापुढचे की पडद्यामागचे?

प्रश्न : नाटकाच्या श्रेयनामावलीत 'नेपथ्य' या शब्दापुढे ज्याचे नाव असते, तो रंगमंचावरचे घर, जिना, दारे-खिडक्या उभ्या करणारा. पण बातमीत 'नेपथ्यात राहून सूत्रे हलवली' असे वाचले की तीच जागा प्रेक्षकांना न दिसणारी होते. यातला खरा अर्थ कोणता धरायचा?

प्रतिसाद : न दिसणाऱ्या जागेचा. संस्कृत नाटकांत 'नेपथ्ये' अशी रंगसूचना येते, तेव्हा बोलणारे पात्र मंचावर नसते, आवाज पडद्याआडून येतो. मंचसज्जेला नेपथ्य म्हणणे ही मराठीतली गल्लत वाटते.

प्रतिसाद : गल्लत म्हणू नका, मराठीवर अन्याय होईल. 'शाकुंतला'ची प्रस्तावना काढून पाहा. सूत्रधार नेपथ्याकडे बघतो आणि नटीला म्हणतो, 'आर्ये, यदि नेपथ्यविधानमवसितम्, इतस्तावदागम्यताम्.' साजशृंगार आटोपला असेल तर इकडे ये. रंगसूचनेत नेपथ्य ही जागा, आणि लगेच पुढच्या वाक्यात तोच शब्द वेशभूषेसाठी! अमरकोश हा जुना संस्कृत शब्दकोशही नेपथ्य हा शब्द वेष, प्रसाधन यांच्याच पंक्तीला बसवतो.

नाट्यशास्त्रात तर याहून स्पष्ट आहे. भरत आहार्य अभिनयाला, म्हणजे वेश, रंग, वस्तू अशा बाह्य साधनांनी होणाऱ्या अभिनयाला, नेपथ्याचा विधी म्हणतो आणि नेपथ्याचे चार प्रकार सांगतो : पुस्त, अलंकार, अंगरचना, सज्जीव. अलंकारात माळा, दागिने, वस्त्रे येतात. अंगरचना म्हणजे आपली रंगभूषा. सज्जीव म्हणजे मंचावर आणले जाणारे प्राणी. आणि पुस्त म्हणजे डोंगर, वाहने, विमाने, ढाली, चिलखते, ध्वज यांच्या प्रतिकृती, त्याही चटई, कापड, कातडे वापरून केलेल्या. म्हणजे मंचावर उभारायच्या वस्तू पहिल्यापासून नेपथ्यातच मोडतात. मराठी रंगभूमीने वेशभूषा आणि रंगभूषा यांना वेगळी नावे दिली, आणि नेपथ्य हे नाव पुस्ताच्या वाट्याला राहिले. मला हा बदल फार नेटका वाटतो.

प्रतिसाद : वापरताना विभक्तीकडे लक्ष दिले तरी पुरते. 'नेपथ्य उत्तम', 'नेपथ्याचा खर्च' म्हटले की मंचसज्जा. 'नेपथ्यात', 'नेपथ्यातून' म्हटले की बहुधा आतली जागा. बहुधा अशासाठी, की 'नेपथ्यात जिना हवा' असेही आपण म्हणतोच. म्हणून संहिता लिहिताना आवाजासाठी सरळ 'आतून' किंवा 'विंगेतून' लिहावे. तालमीत नटाला तेच चटकन कळते.

प्रश्न : आभारी आहे. मग 'प्रवेश' या शब्दाचेही असेच आहे का? 'अंक पहिला, प्रवेश दुसरा' हाही प्रवेश आणि पात्राचे मंचावर येणे हाही प्रवेशच.

प्रतिसाद : तिथे गोंधळ कमी, कारण अंकाचा भाग सांगताना जोडीला क्रमांक असतो. संस्कृत नाटकात अंकाचे असे क्रमांकित प्रवेश पाडलेले नसतात. पात्र येते तिथे 'प्रविश्य' किंवा 'ततः प्रविशति', आणि अंक संपताना 'निष्क्रान्ताः सर्वे'. तिथला 'प्रवेशक' मात्र निराळा. दोन अंकांच्या मध्ये गौण पात्रांच्या तोंडून घडलेली हकिगत सांगणारा तो छोटा दुवा असतो, त्याला प्रवेश समजू नये.