मदत हवी आहे : थंडरबर्डमध्ये मेल येतात, पण जात नाहीत

मंडळी, दोन दिवस डोकं धरून बसायची वेळ आली आहे.

बाबांच्या डेस्कटॉपवर थंडरबर्ड (मेल वाचायचा-पाठवायचा प्रोग्रॅम) आहे, खातं जीमेलचं, आयमॅपवर, म्हणजे मेल सर्व्हरवरच राहतात ती पद्धत. ते सोसायटीचे सेक्रेटरी. नोटिसा, पावत्या, ऑडिटरशी पत्रव्यवहार, सगळं फोल्डर करून तिथेच लावलेलं. ‘ब्राउझरमधूनच बघा ना’ हे सांगून झालंय. त्यावर काय ऐकावं लागलं ते इथे लिहीत नाही.

रविवारी त्यांनी जीमेलचा पासवर्ड बदलला आणि थंडरबर्ड अडून बसलं. नवा पासवर्ड टाकला तरी घेईना. मग सर्व्हर सेटिंग्जमध्ये ‘ऑथेंटिकेशन मेथड’ होती ‘नॉर्मल पासवर्ड’, ती ‘ओऑथ२’ (पासवर्ड प्रोग्रॅमला न देता थेट गूगलकडे लॉगिन करायची पद्धत) केली. गूगलची लॉगिनची खिडकी आली, परवानगी दिली, मेल धडाधड उतरले.

पण पाठवायला गेलं की ‘लॉगिन फेल्ड’ आणि परत पासवर्डची चौकट. तोच पासवर्ड फोनवर बिनबोभाट चालतो!

आणखी एक, बाबांच्या डायरीत ‘थंडरबर्ड’ असं लिहून खाली चार-चार अक्षरांचे चार गट आहेत. भाच्याने कधीतरी लिहून दिलं होतं म्हणे. तेही टाकून पाहिलं, उपयोग शून्य. हे काय प्रकरण आहे?

प्रतिसाद १
उत्तर डायरीतच आहे. तो सोळा अक्षरी ॲप पासवर्ड, म्हणजे एखाद्या प्रोग्रॅमसाठी गूगल वेगळा बनवून देतं तो. टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू असेल तरच मिळतो, आणि खात्याचा मुख्य पासवर्ड बदलला की गूगल तो रद्द करतं. म्हणजे रविवारीच तो मेला. मुख्य पासवर्ड तर तिथे चालणारच नाही, २०२२ पासून जीमेलने अशा प्रोग्रॅम्सना तो दरवाजा बंद केलाय.

तुम्ही बदललं ते फक्त येणाऱ्या मेलचं. जाणाऱ्याचा सर्व्हर वेगळा असतो. अकाउंट सेटिंग्जमध्ये डावीकडची यादी पार तळापर्यंत खाली न्या, ‘आउटगोइंग सर्व्हर’ दिसेल. तिथे एडिट करून ‘ओऑथ२’ निवडा. पोर्ट ४६५ असेल तर ‘एसएसएल/टीएलएस’, ५८७ असेल तर ‘स्टार्टटीएलएस’. यूजरनेममध्ये पूर्ण ईमेल पत्ता हवा.

प्रतिसाद २
वरच्यांनी सांगितलंय ते करून ‘सेव्ह्ड पासवर्ड्स’मधली एसएमटीपीची (म्हणजे जाणाऱ्या मेलच्या सर्व्हरची) जुनी नोंद उडवा आणि थंडरबर्ड बंद करून उघडा. ओऑथची नोंद मात्र राहू द्या. लॉगिनची खिडकी कोरी येत असती तर कुकीज बघा म्हटलं असतं, पण मेल उतरताहेत म्हणजे ते ठीक आहे.

धागाकर्ता
गेली! यादी खाली सरकवायची मला सुचलंच नव्हतं, बाबांचा मॉनिटर लहान, तळची ओळ दिसतच नव्हती. तिथे अजून ‘नॉर्मल पासवर्ड’च होता. सर्वसाधारण सभेची नोटीस एका झटक्यात रवाना.

बाबांनी डायरीतल्या सोळा अक्षरांवर लाल पेनने काट मारली आणि शेजारी ‘रद्द’ लिहून तारीख टाकली. सही करायचीही बाकी ठेवली नाही.