भाज्यांची जर्मन नावे लिंगासह कशी लक्षात ठेवावीत?

प्रश्न (लातूर)
नमस्कार. मी परिचारिका असून, महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केल्यानंतर तिकडे जाण्याच्या आशेने जर्मनचा ए-१ (सर्वांत पहिल्या पातळीचा) वर्ग करत आहे. भाज्यांची नावे पाठ होतात, परंतु नामाआधी येणाऱ्या डेर (पुल्लिंगी), डी (स्त्रीलिंगी) आणि डास (नपुंसकलिंगी) यांत गोंधळ होतो. कांदा आपल्याकडे पुल्लिंगी, तर ‘त्स्वीबेल’ स्त्रीलिंगी. वांगे नपुंसकलिंगी, तर ‘ओबर्जीने’ स्त्रीलिंगी. ‘त्स्वीबेल’चा पहिला उच्चारही मला जमत नाही. शिवाय आमच्या तक्त्यात मेथी, शेपू, भेंडी नाहीतच.

उत्तर (छत्रपती संभाजीनगर)
ताई, तो उच्चार तुम्ही रोज करता. चुका (ती आंबट पालेभाजी) आणि चवळी म्हणताना जो ‘च’ येतो, जवळपास तोच त्स्वीबेलच्या आरंभी असतो, ‘चिंच’मधला पहिला ‘च’ नव्हे.

लिंगासाठी मराठीशी जुळवाजुळव करू नका, शब्दाचा शेवट पाहा. काकडी, मेथी, भेंडी हे ईकारान्त शब्द आपल्याकडे जसे स्त्रीलिंगी, तसे जर्मनमध्ये ‘ए’ने संपणारे गुर्के (काकडी), बोने (शेंग), एर्ब्से (वाटाणा), टोमाटे हे सारे ‘डी’ घेतात. जोडशब्दाचे लिंग शेवटच्या पदावरून ठरते. ब्लूमे म्हणजे फूल, ते स्त्रीलिंगी. कोल म्हणजे कोबी, तो पुल्लिंगी. म्हणून फुलकोबी ‘डेर ब्लूमेनकोल’. त्स्वीबेल आणि कार्टोफेल (बटाटा) मात्र ‘डी’सह पाठच करावे लागतात. पालक ‘डेर श्पिनाट’, लसूण ‘डेर क्नोब्लाउख’, आले ‘डेर इंगवर’.

मेथीचे नाव मला फार आवडते: ‘डेर बोक्सहॉर्नक्ले’. बोक म्हणजे बोकड, हॉर्न म्हणजे शिंग. मेथीच्या वाकड्या शेंगेवरून ते पडले. भेंडी ‘डी ओक्राशोटे’.

उत्तर (नांदेड)
मी चार वर्षे श्टुटगार्टला होतो, म्हणून थोडी भर घालतो. शेपू तिथे ‘डेर डिल’ असून काकडीच्या कोशिंबिरीत आवर्जून घालतात, त्यामुळे घरची आठवण येईल तेव्हा तो सहज मिळेल. आठवडी बाजाराला ‘वोखेनमार्क्ट’ म्हणतात; वोखे म्हणजे आठवडा, मार्क्ट म्हणजे बाजार. तिथे पुस्तकातले शब्द नेहमीच ऐकू येणार नाहीत. आपल्याकडे जुनी माणसे टोमॅटोला भेदरे म्हणतात, तसे दक्षिण जर्मनीत गाजराला ‘मोरे’ऐवजी ‘गेल्बे र्यूबे’ म्हणतात आणि ऑस्ट्रियात टोमॅटो ‘पाराडायझर’ होतो. पहिल्या महिन्यात विक्रेत्या आजींसमोर मी गाजराकडे बोट दाखवत राहिलो होतो.

प्रश्नकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. चुका म्हणून पाहिले आणि लगेच त्स्वीबेल म्हटले. आज पहिल्यांदाच नीट जमले. उद्या भाजी घेताना प्रत्येक नाव डेर-डीसह म्हणत जाईन.