सल्ला हवा: कॉम्पॅक्ट मॅकचा पूर्ण संच जमवायचा आहे, यादीत काय धरावं आणि सुरुवात कुठून करावी?

कैरी

नमस्कार मंडळी,

ॲपलचे जुने कॉम्पॅक्ट मॅक संगणक, म्हणजे पडदा, फ्लॉपी ड्राइव्ह आणि सगळं यंत्र एकाच उभ्या पेटीत असलेले, यांतला प्रत्येक प्रकार जमवायचं मी मनावर घेतलं आहे. सध्या घरात तीन आहेत. प्लस उत्तम चालतो. एसई सुरू होतो, पण हार्ड डिस्क मुकी आहे. क्लासिक सुरू केला की पडद्यावर बुद्धिबळाच्या पटासारख्या चौकटी येतात आणि पुढे काही होत नाही.

प्रश्न असे. "प्रत्येक प्रकार" म्हणजे नेमके किती धरायचे? नवीन घेताना क्रम काय ठेवावा? दुरुस्तीतलं घरी काय करता येईल आणि कशाला हात लावू नये? मी सनीव्हेलला राहते, त्यामुळे इथल्या बाजाराची माहिती असेल तर जरूर सांगा. पुढे कायमचं पुण्याला परतायचं आहे आणि संच बरोबर न्यायचा आहे, तेही लक्षात घेऊन सुचवा.

मला ही यंत्रं चालू स्थितीत हवी आहेत. नुसती कपाटात मांडायची नाहीत.

मुचकुंद

कैरीताई, फार चांगला संकल्प. आधी यादी पक्की करा, खरेदी नंतर.

माझ्या हिशेबाने मूळ संच अकराचा: पहिला मॅकिंटॉश (१२८के), ५१२के, ५१२केई, प्लस, एसई, एसई एफडीएचडी, एसई/३०, क्लासिक, क्लासिक २, कलर क्लासिक आणि कलर क्लासिक २. १९८४ च्या जानेवारीपासून १९९३ पर्यंतचा सगळा पट यात येतो. परफॉर्मा २००, २५० आणि २७५ म्हणजे शेवटच्या काळातल्या याच मशीनांना घरगुती गिऱ्हाइकांसाठी दिलेली दुसरी नावं. मी ती धरत नाही. कोणी धरली तर यादी चौदाची होते.

खरी कसोटी या अकरांच्या आत आहे. अगदी सुरुवातीच्या मॅकच्या पाठीवर नुसतं "मॅकिंटॉश" लिहिलेलं असतं. ५१२के बाजारात आल्यावर फरक दाखवायला "१२८के" हे नाव पाठीवर आलं. प्लस १९८६ च्या जानेवारीत आला तो पिवळसर रंगात, १९८७ पासून तोच राखाडी झाला, आणि १९९० च्या ऑक्टोबरपर्यंत विकला जात होता. एसई एफडीएचडीच्या पाठीवर पुढे "सुपरड्राइव्ह" हे नाव आलं. रंग आणि पाटी यांनाही वेगळा प्रकार मानलं तर आकडा विशीकडे जातो. माझं मत विचाराल तर पाटीसाठी पैसे घालू नका. मदरबोर्ड, रॉम (कायमचा प्रोग्रॅम लिहिलेली चिप) किंवा ड्राइव्ह बदलला असेल तरच तो वेगळा प्रकार.

आता महत्त्वाचं. त्या काळी लोक मशीन टाकून देत नव्हते, वाढवत होते. १२८के ला ५१२के करणं सर्रास चाले, कधी ॲपलचा बोर्ड बसवून, कधी जुन्याच बोर्डावर मेमरीच्या चिप्स सोल्डर करून. ॲपल तर प्लसचा बोर्ड आणि पाठीचं नवं कवचही विकत असे. त्यामुळे पुढून नाव नसलेला, नुसत्या सफरचंदाचा मॅक आणि मागे मात्र प्लसचं स्कझी पोर्ट (हार्ड डिस्क जोडायचं), अशी यंत्रं भेटतात. पाठीवर एम ०००१ हा पहिल्या मॅकचा मॉडेल नंबर दिसला की लगेच "पहिला मॅक मिळाला" असं समजू नका. मशीन चालू करून फाइंडरच्या (मॅकवर फाइली दाखवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) माहितीत मेमरी किती दिसते ते बघा. सिरियल नंबरही वाचायला शिका: एफ म्हणजे फ्रीमाँटचा कारखाना, त्यापुढचा एक आकडा वर्षाचा आणि पुढचे दोन आठवड्याचे. एफ४०७ म्हणजे १९८४ चा सातवा आठवडा. सी असेल तर आयर्लंडमधलं कॉर्क.

आणि एक कळकळीची विनंती. असं वाढवलेलं मशीन हाती आलं तर त्याला "मूळ रूपात" आणायला जाऊ नका. कोणीतरी १९८५ साली पैसे साठवून ती मेमरी बसवून घेतली, हा त्या यंत्राच्या आयुष्याचा भाग आहे. जमल्यास संचात असं एक मशीन मुद्दाम ठेवा. मला तो बारावा प्रकार वाटतो, परफॉर्मांपेक्षा कितीतरी खरा.

तांब्याची_तार

मुचकुंदांनी यादी दिली, मी दुरुस्तीचं सांगते. पुण्यात जुन्या मॅकचे बोर्ड दुरुस्त करते, म्हणून हे नेहमीचं आहे.

कैरी, हे वाचून झालं की पहिलं काम: एसई आणि क्लासिक उघड आणि आतली बॅटरी काढ. एसईपासून पुढच्या मशीनांत ३.६ व्होल्टची, अर्ध्या पेन्सिल सेलएवढी लिथियम बॅटरी असते. ती फुटली की तिचं पाणी बोर्ड, चौकट, सगळं खातं. चांगली चाललेली मशीनं याच एका कारणाने कायमची गेलेली मी पाहिली आहेत. काही एसईंमध्ये ती बॅटरी बोर्डाला सोल्डर केलेली असते, तिथे सोल्डरिंग आयर्न लागेल. प्लसची बॅटरी पाठीमागे वेगळ्या झाकणाखाली असते, ती गळली तरी बहुतेकदा कप्प्यापुरतं भागतं, तरीही काढूनच ठेव. घड्याळ मागे पडेल, बाकी काही बिघडत नाही.

क्लासिकच्या चौकटी म्हणजे बोर्डावरचे कपॅसिटर गळले आहेत. क्लासिक, क्लासिक २, कलर क्लासिक आणि एसई/३० या सगळ्यांना हा आजार आहे, कारण त्यांच्या मदरबोर्डावर पृष्ठभागावर बसवलेले छोटे ॲल्युमिनियमचे कपॅसिटर आहेत. त्यातला द्राव झिरपून ट्रेस, म्हणजे बोर्डावरच्या तांब्याच्या रेषा, खातो. एसई/३० वर त्याची खूण म्हणजे पडद्यावर आडव्या पट्ट्या. उपाय ठरलेला: जुने कपॅसिटर काढा, बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने नीट धुवा, पूर्ण वाळवा, जागी टँटलम जातीचे कपॅसिटर बसवा, दिशा दोनदा तपासा. टँटलम उलटा बसला तर जळतो. बऱ्याचदा नुसत्या धुण्यानेच मशीन सुरू होतं, पण त्यावर समाधान मानू नका, गळती थांबलेली नसते. प्लस आणि साध्या एसईच्या मदरबोर्डावर जुन्या पद्धतीचे, पाय आरपार गेलेले कपॅसिटर आहेत, ते क्वचित गळतात. म्हणूनच तुझा प्लस अजून ठणठणीत आहे.

प्लसमध्ये दुसरी गोष्ट तपास. त्याला पंखा नाही. वर्षानुवर्षं तापून ॲनालॉग बोर्डावरच्या (पडदा आणि वीजपुरवठा सांभाळणाऱ्या बोर्डावरच्या) जोडांना बारीक वर्तुळाकार तडे जातात. पडदा थरथरणं, टपली मारल्यावर नीट होणं, ही त्याची लक्षणं. ते जोड पुन्हा सोल्डर करणं हे नवशिक्यालाही जमणारं काम आहे, पण त्यासाठी पिक्चर ट्यूबच्या मानेशेजारी हात जातो. मशीन बंद असलं, प्लग काढलेला असला, तरी ट्यूबमध्ये हजारो व्होल्ट शिल्लक राहू शकतात. ट्यूब डिस्चार्ज कशी करायची हे जुन्या टीव्ही मेकॅनिककडून समोर बसून शिकून घे. व्हिडिओ बघून हे करू नये, असं मला ठामपणे वाटतं. मान अतिशय नाजूक असते, धक्का लागला की ट्यूब गेली, आणि नऊ इंची काळीपांढरी ट्यूब आता कोणी बनवत नाही.

उघडायला लांब दांड्याचा टॉर्क्स १५ लागतो. साधा टॉर्क्स हँडलखालच्या खोल भोकांत पोचत नाही.

ओसाकावाली

कलर क्लासिकबद्दल कोणी फार लिहिलं नाही म्हणून लिहिते. १९९३ च्या फेब्रुवारीत आला, दहा इंची सोनी ट्रिनिट्रॉनचा रंगीत पडदा, ५१२ बाय ३८४ ठिपक्यांचा. पडदा बघितला की प्रेमात पडाल. आतलं डोकं मात्र मंद, १६ मेगाहर्ट्झचा ६८०३० प्रोसेसर आणि मेमरी जास्तीत जास्त १० एमबी. कलर क्लासिक २ मध्ये तेच ३३ मेगाहर्ट्झ आणि ३६ एमबी. हा अमेरिकेत विकलाच गेला नाही, त्यामुळे तिथे शोधत बसू नका. जपानमध्ये आणि कॅनडात मिळेल.

याचा बोर्ड पाठीमागून ओढला की सरळ बाहेर येतो. म्हणूनच जपानी मंडळींनी यात एलसी ५७५ या दुसऱ्या मॅकचा बोर्ड बसवून त्याला ६८०४० चं बळ दिलं. एलसी ५५० चा बोर्ड बसवला तर कलर क्लासिक २ च होतो म्हणा ना. तेव्हा "२" म्हणून विकत घेताना पाठीवरची पाटी वाचा, नुसत्या वेगावर विश्वास ठेवू नका. इथले, म्हणजे जपानमधले, लिलाव बघत असाल तर "जंक" लिहिलेल्याला घाबरू नका. विक्रेत्याने तपासलं नाही, एवढाच बऱ्याचदा त्याचा अर्थ असतो. मात्र इथली वीज १०० व्होल्टची आहे.

कैरी

बॅटऱ्या काढल्या. क्लासिकची फुगायला लागली होती, ताई, वेळेवर सांगितलंत. मनापासून आभार.

आता क्रमाचं आणि विजेचं कोणी सांगेल का? १२८के आधी घ्यावा असं वाटतंय, कारण तोच महाग होत जाणार.

मुचकुंद

१२८के शेवटी. तो महाग आहे हे खरं, पण त्याच्या मदरबोर्डाला ना गळक्या कपॅसिटरची भीती ना लिथियम बॅटरीची. तो थांबू शकतो. एसई/३०, क्लासिक २ आणि कलर क्लासिक थांबू शकत नाहीत, कोणाच्या तरी गॅरेजमध्ये या क्षणी झिजत आहेत. आधी ते वाचवा.

त्यातही एसई/३० पहिला. १९८९ च्या जानेवारीत ॲपलने एसईच्याच पेटीत ६८०३० आणि गणिताचा ६८८८२ हा जोडप्रोसेसर बसवला, आणि मेमरी १२८ एमबीपर्यंत नेता येते. पहिल्या मॅकच्या हजारपट, त्याच नऊ इंची पडद्यामागे. फक्त त्याचा रॉम पूर्ण ३२-बिट नाही, त्यामुळे ८ एमबीच्या वर जायचं तर मोड३२ हे सॉफ्टवेअर टाकावं लागतं किंवा मॅक टू एसआयचा रॉम बसवावा लागतो. या मालिकेतला एकच मॅक रोज वापरायला ठेवायचा म्हटलं तर मी डोळे मिटून हा निवडेन.

बाजाराचं म्हणाल तर तुम्ही योग्य गावात आहात. १९८४ च्या २४ जानेवारीला मॅक जिथे जगासमोर आला ते फ्लिंट सेंटर क्युपर्टिनोत होतं, कारखाना फ्रीमाँटला. माउंटन व्ह्यूच्या कम्प्युटर हिस्ट्री म्युझियममध्ये उन्हाळ्यात विंटेज कम्प्युटर फेस्टिव्हल भरतो, तिथे जाच. शक्य तिथे मशीन स्वतः जाऊन आणा. प्लस साडेसात किलोचा आहे आणि वजन सगळं ट्यूबच्या बाजूला, त्यामुळे कुरियरमध्ये ट्यूबची मान किंवा पेटीचा कोपरा जातो.

पहिले मॅक उघडाल तेव्हा पाठीच्या कवचाच्या आतून बघा. बनवणाऱ्यांच्या सह्या प्लास्टिकमध्येच उमटवलेल्या आहेत, १९८२ च्या १० फेब्रुवारीला गोळा केलेल्या. बर्रेल स्मिथ, बिल ॲटकिन्सन, अँडी हर्ट्झफेल्ड, जॉब्ज, सगळे आहेत.

तांब्याची_तार

विजेचं मी सांगते. १२८के पासून प्लसपर्यंतची अमेरिकन मशीनं १२० व्होल्टची. पुण्यात थेट लावलीस तर पॉवर सप्लाय संपला. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घे, तो मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा इथे पासोड्या विठोबाजवळही मिळेल. एसई आणि एसई/३० चा सप्लाय दोन्ही व्होल्टेज घेतो. क्लासिकपासून पुढे प्रत्येक मशीनची पाटी वाचूनच प्लग लाव, तिथे एक नियम नाही.

आणायचं म्हणशील तर वापरलेल्या संगणकांच्या आयातीवर भारतात निर्बंध आहेत. कायमचं परतणाऱ्यांसाठी ट्रान्सफर ऑफ रेसिडेन्सचे नियम वेगळे आहेत, पण एका घरात अकरा संगणक बघून प्रश्न विचारले जाणारच. प्रत्येकाचा फोटो, सिरियल नंबर आणि वर्ष अशी यादी करून निघायच्या आधीच कस्टम्स एजंटशी बोल.

दोन गोष्टी राहिल्या. एसईची डिस्क बहुधा गेली आहे. तिच्या जागी ब्लूएससीएसआय हे हार्ड डिस्कची नक्कल करणारं उपकरण बसव, मेमरी कार्डावर चालतं आणि आवाजही नाही. ४०० आणि ८०० केच्या फ्लॉप्या साध्या यूएसबी ड्राइव्हला वाचता येत नाहीत, कारण मॅकचा ड्राइव्ह आतल्या आणि बाहेरच्या ट्रॅकवर वेग बदलतो. म्हणून फ्लॉपी एमू घे, ते फ्लॉपी ड्राइव्हची नक्कल करून मेमरी कार्डावरच्या फाइली मशीनला देतं. सगळ्या अकरांना कामी येईल. आणि प्लसच्या कीबोर्डची गुंडाळी वायर टेलिफोनच्या वायरसारखी दिसते, पण आतली जोडणी वेगळी आहे. टेलिफोनची लावू नकोस, कीबोर्ड जळू शकतो.

क्लासिकचा बोर्ड काढलास की दोन्ही बाजूंचे फोटो इथे टाक. कुठले ट्रेस गेलेत ते खूण करून देते.