'एररलेव्हल' म्हणजे एक्झिट कोडच का? की वेगळं काही?

बॅशवाली: लिनक्सवरची बॅकअपची स्क्रिप्ट विंडोजला न्यायचीय. तिकडे ज्याला एररलेव्हल म्हणतात तो आपला एक्झिट कोडच ना? आणि ही 'लेव्हल' कसली?

जुना डॉसवाला: आकडा तोच गं, प्रोग्राम संपताना सोडून जातो तो. ० म्हणजे ठीक, बाकी काही आलं तर बिनसलं, हा रिवाज दोन्हीकडे आहे. पण लेव्हल शब्द उगाच नाहीये. बॅच फाइलीत, म्हणजे डॉस-विंडोजच्या स्क्रिप्टमध्ये, 'इफ एररलेव्हल १' लिहिलं की त्याचा अर्थ '१ किंवा त्याच्या वर', नदीच्या धोक्याच्या पातळीसारखं, ओलांडली की झालं. म्हणून तर जुन्या फाइलींत आधी मोठा आकडा तपासायचे, मग लहान.

बॅशवाली: मग रोबोकॉपीने, म्हणजे विंडोजच्या फाइली कॉपी करायच्या कमांडने, सगळं नीट कॉपी करून वर १ दिला, ते काय?

जुना डॉसवाला: तिथे 'एरर' शब्दच फसवा. रोबोकॉपीत १ म्हणजे फाइली कॉपी झाल्या, ० म्हणजे कॉपी करण्यासारखं काही नव्हतंच, खरी बोंब ८ पासून पुढे. 'इफ एररलेव्हल ८' टाक, मस्त बसतं.

रात्रपाळी: काका, उणे आकड्यांचं काय? विंडोजचा कोड ३२ बिटांचा, प्रोग्रामने भलत्या मेमरीत हात घातला आणि क्रॅश झाला की -१०७३७४१८१९ असलं काहीतरी येतं, ते १ पेक्षा लहान, म्हणजे पातळी ओलांडलीच नाही आणि स्क्रिप्ट खुशाल पुढे पळते! त्यापेक्षा टक्क्याच्या चिन्हांतला एररलेव्हल (%ERRORLEVEL%) घ्या, त्यात तो आकडाच मिळतो, आणि तो ० आहे की नाही एवढंच बघा. फक्त कंसातल्या ब्लॉकमध्ये तो ब्लॉक वाचतानाच भरला जातो, जुनाच आकडा दिसतो, तिथे डिलेड एक्सपान्शन (ओळ चालताना आकडा भरायची सोय) चालू करून टक्क्यांऐवजी उद्गारचिन्हं लावावी लागतात. लिनक्सवर उणेची भानगड नाही, ० ते २५५ बास, पण एक्झिट २५६ केलंत तर चक्क ० मिळतो 😄

बॅशवाली: आमच्याकडे लिनक्सवर मजकूर शोधणारा ग्रेपही तसलाच म्हणा, १ म्हणजे सापडलं नाही, खरी एरर २ ला. बरं, पॉवरशेलमध्ये, म्हणजे विंडोजच्या नव्या शेलमध्ये, $? बघितलं (बॅशमध्ये त्यात शेवटचा एक्झिट कोड असतो) तर नंबरच नाही, ट्रू-फॉल्स येतंय.

रात्रपाळी: नंबर 'लास्टएक्झिटकोड'मध्ये असतो. लगेच दुसऱ्या व्हेरिएबलमध्ये उचलून ठेव, पुढचा प्रोग्राम चालला की गेला. बॅशमध्ये तर मधे साधा एको (मजकूर छापायची कमांड) टाकला तरी $? बदलतो.

बॅशवाली: हो, ते माहितीये. मग टीमच्या नोट्समध्ये कुठला शब्द लिहू?

जुना डॉसवाला: एक्झिट कोडच लिही सगळीकडे. एररलेव्हल फक्त बॅचमधल्या त्या इफच्या ओळीपुरता, आणि शेजारी 'किंवा त्याच्या वर' एवढं लिहायला विसरू नको.